व्यायामात मान आणि गळा दुखतो तेव्हा : पर्वतीच्या पायऱ्यांवरील एक प्रकरण

व्यायाम करताना मान किंवा गळा दुखू लागला, तर स्नायू आखडला असेल, घसा धरला असेल किंवा पित्त वाढले असेल, असे बहुतेक जण धरून चालतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु या तक्रारीचा एक प्रकार असा आहे की त्याचे मूळ हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत असते आणि रुग्णाला मात्र छातीत काहीही जाणवत नाही. हा प्रकार उशिरा ओळखला जातो, याचे कारण तपासण्यांची उणीव हे क्वचितच असते. आधी झालेल्या तपासण्यांनी काहीतरी खरे दाखवलेले असते आणि त्या खऱ्या गोष्टीवरच सगळे थांबलेले असतात. हे कसे घडते ते दाखवण्यासाठी पुढील प्रकरण मांडत आहे. ते कोणा एका व्यक्तीची नोंद नाही. अशा रुग्णांच्या हकिकतींत पुन्हा पुन्हा दिसणारे टप्पे एकत्र गुंफून ते रचले आहे.

रुग्ण आणि तक्रार

रुग्ण ५४ वर्षांचे गृहस्थ, पुण्यात सहकारनगर भागात राहणारे, बँकेत अधिकारी. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. सहा वर्षांपासून उच्च रक्तदाबासाठी रोज एक गोळी चालू होती. सिगारेट सोडून बरीच वर्षे झाली होती, मद्यपान नव्हते. आठवड्यातून चार-पाच दिवस पहाटे पर्वती चढायची, वर दर्शन घ्यायचे आणि उतरायचे, हा त्यांचा जुना परिपाठ. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रुंद आणि उतरत्या दगडांच्या आहेत. रोज चढणाऱ्याला त्या अवघड वाटत नाहीत, पण हृदयाला काम लावण्यास त्या पुरेशा आहेत.

डिसेंबरच्या थंडीत त्यांना प्रथम जाणवले की निम्म्या पायऱ्या चढून झाल्या की गळ्याच्या खालच्या भागात, कंठाच्या खळगीपाशी, आवळल्यासारखे होते. तिथून ती कळ मानेच्या दोन्ही बाजूंनी वर सरके आणि जबड्याच्या खालच्या कडेला जडपणा येई. कळ टोचणारी नव्हती आणि एका बोटाने दाखवता येण्याजोगीही नव्हती. जागा दाखवायला सांगितले की ते पूर्ण पंजा गळ्यावर ठेवत. थांबले की दोन-तीन मिनिटांत सगळे ओसरे. पुन्हा चढायला लागले की उरलेल्या पायऱ्या बहुधा त्रासाशिवाय पार पडत. आवाज बसणे, गिळताना दुखणे, ताप, हातात मुंग्या यांतले काहीही नव्हते. छातीत दुखते का, असे ज्याने विचारले त्या प्रत्येकाला त्यांनी ठाम ‘नाही’ असे सांगितले आणि ते उत्तर खरे होते.

मार्चपर्यंत त्रासाचे स्वरूप तसेच राहिले. तेवढ्याच पायऱ्यांवर यायचा, तेवढ्याच वेळात जायचा. बसल्या जागी किंवा झोपेत तो कधीही आला नाही. हा स्थिरपणा वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

तीन निदाने, तिन्ही काही अंशी खरी

घरच्या डॉक्टरांनी प्रथम थंड हवेमुळे घसा धरला असावा असे मानून पाच दिवसांची औषधे दिली. त्यांनी सावधगिरी म्हणून ईसीजीही काढला, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. ईसीजी स्वच्छ आला. त्या कागदाचा परिणाम मात्र उलटा झाला, कारण त्यानंतर रुग्णाच्या, घरच्यांच्या आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरच्या मनातून हृदयाचा विषय निघून गेला. हृदयशूळ (अँजायना) म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारा त्रास; तो ठरावीक श्रमानेच येत असेल तर त्याला स्थिर म्हणतात. स्थिर हृदयशूळ असलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचा, शांत झोपवून काढलेला ईसीजी पूर्णपणे सामान्य असतो. त्रास चालताना होतो आणि ईसीजी पलंगावर काढला जातो, तेव्हा त्या क्षणी हृदयाला रक्ताची कमतरता नसतेच; मग ती कागदावर उमटणार कोठून?

दुसरी पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञांची. दुर्बिणीने पाहिल्यावर स्वरयंत्राच्या मागच्या भागात थोडी लाली दिसली. जेवणानंतर छातीशी आंबट येण्याची जुनी सवय होतीच. शिवाय रविवारी पोहे खाऊन उशिरा पर्वतीला गेले, तर त्रास नेहमीपेक्षा लवकर, तिसाव्या-चाळिसाव्या पायरीवरच सुरू होई, असे रुग्णाने आपणहून सांगितले. यावरून जठरातील आम्ल वर येऊन घशाला लागते, असे निदान झाले आणि सहा आठवड्यांचे आम्लरोधक औषध दिले गेले. आंबट येणे थांबले. गळा आवळणे थांबले नाही.

तिसरी पायरी अस्थिरोगतज्ज्ञांची. मानेच्या क्ष-किरण चित्रात पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधील चकती झिजलेली, कडेला हाड वाढलेले. पन्नाशी ओलांडलेल्या, मानेची काहीही तक्रार नसलेल्या माणसांची चित्रे काढली तरी त्यांतल्या मोठ्या वाट्यात अशी झीज सापडते; परंतु मान दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या चित्रात ती दिसली की ती कारण म्हणूनच वाचली जाते. ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’ असे लिहून फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी दिली गेली.

या तिन्ही ठिकाणी कोणी निष्काळजीपणा केला असे मला वाटत नाही. घसा लाल होता, आम्लाचा त्रास होता, मणका झिजला होता. पण यांतल्या एकाही निदानाने ‘हे चढतानाच का होते आणि थांबल्यावर लगेच का जाते’ या प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते. एखाद्या दुखण्याचे निदान त्याच्या वेळेचा उलगडा करत नसेल, तर चित्रात किंवा दुर्बिणीत काहीही दिसो, ते निदान अपुरे समजावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिजिओथेरपिस्टने पाहिलेली गोष्ट

या प्रकरणातले निर्णायक निरीक्षण मोठ्या रुग्णालयात झाले नाही. ते गल्लीतल्या एका छोट्या फिजिओथेरपी केंद्रात झाले. तेथील तरुण थेरपिस्टने पहिल्या दिवशी मानेच्या सर्व हालचाली तपासल्या. पुढे, मागे, दोन्ही कुशींना, वळवून. प्रत्येक हालचाल जवळजवळ पूर्ण होती आणि एकाही हालचालीने रुग्णाचे ‘ते’ दुखणे उभे राहिले नाही. मान बाजूला व मागे झुकवून डोक्यावर हलका दाब देण्याच्या चाचणीत हातात कळ गेली नाही. खांदा-मानेचे स्नायू दाबल्यावर थोडे हुळहुळले, पण रुग्ण म्हणाले, “हे वेगळं आहे. माझं दुखणं असं नाही.”

तिसऱ्या दिवशी अंग गरम करण्यासाठी तिने त्यांना जागेवरच्या सायकलवर बसवले. पाठीला टेकू होता, मान सरळ आणि स्थिर होती, हात मोकळे होते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला त्यांनी पायडल मारणे थांबवले आणि पंजा गळ्यावर ठेवला. तिने नाडी मोजली, घड्याळ पाहिले. दोन मिनिटांत त्रास गेला. थोड्या वेळाने पुन्हा बसवण्याचा मोह तिने टाळला, ही तिची समज. तिने चिठ्ठीवर लिहिले की रुग्णाची मान हलत नसताना, केवळ पायांच्या श्रमाने मान व गळा दुखतो आणि श्रम थांबताच थांबतो. मानेच्या उपचारांआधी हृदयाची तपासणी व्हावी.

मानेच्या सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे मानेच्या हालचालीशी, तिच्या स्थितीशी किंवा तिच्यावरच्या भाराशी बांधलेले असते. वजन उचलताना श्वास रोखून मानेचे स्नायू ताणणाऱ्याला, सायकलच्या दांड्यावर वाकून तासभर मान वर धरणाऱ्याला किंवा पोट कमी करण्याच्या व्यायामात डोके हातांनी ओढणाऱ्याला मान दुखेल, आणि ती व्यायाम थांबवल्यावरही काही तास, कधी दोन दिवस दुखत राहील. इथे पाय काम करत होते आणि दुखत मान होती. हा मेळ मानेच्या कोणत्याही आजारात बसत नाही.

नव्याने घेतलेली हकिकत

फिजिशियनकडे रुग्ण पत्नीसह आले. तोवरच्या सर्व कागदांची फाइल त्यांनी टेबलावर ठेवली. ती बाजूला ठेवून प्रश्न सुरू झाले, आणि ‘कुठे दुखते’ हा त्यांतला शेवटचा प्रश्न होता. सपाट रस्त्यावर चालताना होते का? सावकाश चाललो तर नाही, घाईत असेन तर होते. बँकेचा जिना? एक मजला चालतो, बोलत बोलत दोन चढलो तर गळा भरतो. थंडीत जास्त की उन्हात? थंडीत. जेवणानंतर? लवकर येते. आडवे पडल्यावर, वाकल्यावर, मसालेदार खाल्ल्यावर, पण बसून असताना? कधीच नाही. या शेवटच्या उत्तराने आम्लाचे निदान बरेच मागे पडले. आम्ल वर येण्याचा त्रास जेवणानंतर वाकताना किंवा आडवे पडल्यावर होतो. जेवण आणि श्रम एकत्र आले तरच होणारा, थांबताच जाणारा त्रास हा वेगळ्या जातीचा आहे. जेवणानंतर पचनसंस्थेकडे जादा रक्त जाते, त्यामुळे हृदयाचे काम आधीच वाढलेले असते आणि त्यावर चढ आला की मर्यादा लवकर गाठली जाते.

“हे पायऱ्यांवर थांबतात, पण दमलो असं म्हणत नाहीत,” पत्नीने सांगितले. “कठड्यापाशी उभे राहतात आणि पुणं बघतात. मला वाटलं, वय झालं, आता यांना निसर्ग आवडायला लागला.” श्रमाने येणारा त्रास टाळण्यासाठी माणूस नकळत आपला वेग आणि थांबे बदलत जातो आणि मग ‘त्रास फारसा नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून रुग्णाबरोबर चालणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय ही हकिकत पूर्ण होत नाही.

आणखी एक प्रश्न कुटुंबाबद्दल होता. वडील ५२ व्या वर्षी पहाटे अचानक गेले होते. घरात त्याचे कारण ‘छातीत गॅस चढला’ असेच आजवर सांगितले जात होते. इतक्या कमी वयात, काही तासांत आलेल्या अशा मृत्यूमागे बहुधा हृदयविकाराचा झटका असतो. वडील किंवा भावाला ५५ च्या आत आणि आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो वारशाने येणारा धोका मानला जातो. आपल्याकडे वयाचा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदयविकाराच्या झटक्यावरील इंटरहार्ट अभ्यासाच्या माहितीतून पुढे असे दिसले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय सुमारे ५३ होते, तर इतर देशांत ते सुमारे ५९ होते.

हकिकत ऐकून झाल्यावर निदानाला नाव देणे अवघड नव्हते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत हृदयशूळाची तीन लक्षणे दिली आहेत : छातीच्या पुढच्या भागात किंवा मान, खांदे, जबडा अथवा हात यांत आवळल्यासारखी अस्वस्थता, ती शारीरिक श्रमाने येणे, आणि विश्रांतीने किंवा जिभेखालच्या नायट्रेट औषधाने सुमारे पाच मिनिटांत जाणे. तिन्ही असतील तर तो नमुनेदार हृदयशूळ. या व्याख्येत मान आणि जबडा छातीच्या बरोबरीने उभे आहेत, हे अनेकदा नजरेआड होते. आपल्या रुग्णात तिन्ही लक्षणे होती. छाती दुखत नसूनही त्यांचा हृदयशूळ पुस्तकी होता. अशा तक्रारींना सरसकट ‘अनमुनेदार’ म्हणून बाजूला टाकले जाते, हे ओळखूनच २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी तो शब्द वापरू नये असे सुचवले.

ही वेळेची खूण नवी नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये या आजाराचे वर्णन वाचले आणि ते १७७२ मध्ये छापले गेले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच चालताना होणारा, उभे राहताच नाहीसा होणारा त्रास, असेच त्यांनी लिहिले होते. तेव्हा ईसीजी नव्हता, स्टेथोस्कोपही नव्हता.

थांबून पुन्हा चढू लागल्यावर त्रास न होण्याने सगळ्यांना सर्वाधिक चकवले होते. रुग्णाचा समज असा होता की स्नायू आधी आखडलेले असतात आणि मग सैल होतात. हृदयशूळाच्या अनेक रुग्णांत पहिल्या त्रासानंतर थोडी विश्रांती घेतली की पुढचे श्रम अधिक सहन होतात. हृदयाचा स्नायू काही काळ रक्ताच्या कमतरतेला सरावतो. ही सुधारणा आजार सौम्य असल्याची खूण नाही.

हृदयाचे दुखणे गळ्यात का जाणवते

गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हृदय छातीत नसते. ते डोके-मानेच्या भागात घडते आणि नंतर खाली सरकते. खाली येताना ते आपल्या काही मज्जातंतूंचे मूळ मानेच्या भागातच ठेवून येते. प्रौढ माणसात हृदयाची वेदना दोन वाटांनी वर जाते. एक वाट छातीच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूत शिरते. तिथेच हाताच्या आतल्या बाजूचे व छातीच्या भिंतीचे तंतू येतात, म्हणून वेदना छातीत व डाव्या हातात जाणवते. दुसरी वाट व्हेगस या लांब मज्जातंतूची. ती मेंदूच्या तळाशी पोचते आणि तिथून मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या पातळीवरील पेशींशी जोडली जाते. त्याच पेशींकडे मानेच्या स्नायूंकडून आणि चेहरा-जबड्याच्या मज्जातंतूकडूनही संदेश येत असतात. मेंदूला आयुष्यभर या पेशींकडून मानेच्या आणि जबड्याच्याच बातम्या मिळालेल्या असतात, त्यामुळे हृदयाकडून आलेला संदेशही तो त्याच पत्त्यावर टाकतो.

हा प्रकार किती आढळतो? उरुग्वेतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हृदयाला रक्त कमी पडल्याचे सिद्ध झालेल्या १८६ रुग्णांपैकी ६ टक्क्यांना केवळ गळा, जबडा, दात, कान अशा भागांतच दुखले होते, आणि आणखी ३२ टक्क्यांना इतर दुखण्याबरोबर तिथेही दुखले होते. या भागांत सर्वाधिक तक्रार गळ्याची होती आणि स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण अधिक होते. चालताना जबडा दुखतो म्हणून दंतवैद्याकडे जाणाऱ्या, दाढ काढून घेतल्यावरही तसेच दुखत राहणाऱ्या स्त्रिया म्हणूनच विशेष काळजीने ऐकल्या गेल्या पाहिजेत.

तपासणी

शारीरिक तपासणीत रक्तदाब १४२/८८ होता. थायरॉइड ग्रंथी वाढलेली किंवा दुखरी नव्हती. हृदयाच्या झडपेचा आवाज काळजीपूर्वक ऐकला गेला, कारण महाधमनीच्या मुखाशी असलेली झडप अरुंद झाली तरी श्रमाने असाच त्रास होतो आणि अशा रुग्णाला आधी ट्रेडमिलवर चढवणे धोक्याचे असते. आवाज सामान्य होता. हिमोग्लोबिन १४ होते. रक्तक्षय असता तर वाहिन्यांतील किरकोळ अडथळाही मोठा त्रास देऊ शकला असता. एलडीएल, म्हणजे वाहिन्यांना घातक, कोलेस्टेरॉल १४८, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचे आकुंचन चांगले होते.

त्रास चार महिने स्थिर होता, विश्रांतीत कधीही आलेला नव्हता, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी करण्यास हरकत नव्हती. गेल्या काही दिवसांत त्रास वाढत असता, थोड्या श्रमाने येऊ लागला असता किंवा बसल्या जागी आला असता, तर ट्रेडमिलचा विचारही न करता रुग्णाला थेट दाखल करावे लागले असते. हृदयवाहिन्यांचा सीटी स्कॅन हा दुसरा चांगला पर्याय होता आणि अनेक ठिकाणी आता तोच आधी केला जातो. इथे ट्रेडमिल निवडण्याचे कारण असे की रुग्ण चालू शकत होता, ईसीजी वाचण्याजोगा होता, आणि ‘माझं दुखणं’ म्हणून तो जे सांगतो त्याच क्षणी ईसीजीत काय घडते, हे पाहणे सर्वांत मोलाचे होते.

ब्रूस पद्धतीच्या चाचणीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढाचा, दुसरा ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्क्यांचा. दुसऱ्या टप्प्यात शिरल्यावर रुग्णाने पंजा गळ्यावर ठेवला आणि त्याच सुमारास ईसीजीतील एसटी रेषा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडले की खाली घसरणारा भाग, खाली जाऊ लागली. पाच मिनिटे पूर्ण होताना ती २ मिलिमीटर खाली होती आणि त्रासामुळे चाचणी थांबवावी लागली. धोका मोजण्याच्या ड्यूक गुणांकनात चाललेल्या मिनिटांतून एसटीच्या घसरणीची पाचपट आणि शूळाच्या अंकाची (त्रासामुळे चाचणी थांबली तर तो २) चौपट वजा करतात : ५ वजा १० वजा ८, म्हणजे उणे १३. उणे ११ किंवा त्याखालचे गुण उच्च धोका दर्शवतात. चाचणी सामान्य आली असती तरी इतकी स्पष्ट हकिकत असताना तिथे थांबणे योग्य ठरले नसते, हेही सांगितले पाहिजे. ट्रेडमिल चाचणीत खरा आजार निसटण्याचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

मनगटातून केलेल्या ॲन्जिओग्राफीत डावी मुख्य वाहिनी मोकळी होती. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी वाहिनी मात्र तिच्या सुरुवातीच्याच भागात ८५ टक्के अरुंद होती. उजव्या वाहिनीत ४० टक्क्यांचा अडथळा होता, त्याला औषधांपलीकडे काही करण्याची गरज नव्हती.

उपचाराचा निर्णय

अडथळा दिसला की तिथल्या तिथे स्टेंट बसवायचा, अशी घाई आपल्याकडे पुष्कळदा होते. ‘ब्लॉकेज ८५ टक्के’ हे शब्द ऐकल्यावर कोणते कुटुंब विचारासाठी वेळ मागेल? म्हणूनच इथे काय समजावून सांगितले गेले ते महत्त्वाचे आहे. ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या चाचणीत असे दिसले की स्थिर आजारात सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने, चांगल्या औषधोपचाराच्या तुलनेत, मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. ज्यांना वारंवार शूळ होता त्यांचा त्रास मात्र अधिक कमी झाला. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते. म्हणजे आपल्या रुग्णापुढे पर्याय खरे होते. औषधे घेऊन थांबता आले असते.

चाचणीनंतर नाडी मंद ठेवणारे बीटा-ब्लॉकर, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल उतरवणारे ॲटोर्व्हास्टॅटिन लगेच सुरू केले होते. तरीही दोन मजले चढताना गळा भरतच होता. अडथळा मोठ्या वाहिनीच्या मुळाशी होता आणि चालणे हा रुग्णाच्या आयुष्याचा आवडीचा भाग होता. या तीन गोष्टी एकत्र पाहून स्टेंट बसवण्याचे ठरले, आणि तो श्रमातला त्रास घालवण्यासाठी आहे, पुढचा झटका टाळण्याचे मुख्य काम गोळ्या आणि राहणी करणार आहे, हे दोघांनाही स्पष्ट शब्दांत सांगितले गेले. हा फरक न कळल्यामुळे स्टेंटनंतर वर्षभरात गोळ्या सोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याची मला फार खंत वाटते. दोन रक्तगोठणविरोधी गोळ्या सहा महिने आणि पुढे त्यांतली एक कायम, अशी आखणी झाली.

सोबत जिभेखाली ठेवण्याची नायट्रेटची गोळी दिली आणि ती बसून घ्यायची, लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिलसारखे औषध घेतले असेल तर मुळीच घ्यायची नाही, हेही सांगितले. या गोळीने दुखणे थांबले म्हणून ते हृदयाचेच, असा निष्कर्ष काढू नये. अन्ननलिकेचा पेटकाही तिने सुटतो.

गळ्याचे हे दुखणे बसल्या जागी आले, १५ मिनिटांपेक्षा जास्त टिकले, किंवा त्याबरोबर घाम, धाप, मळमळ अथवा भोवळ आली, तर स्वतः गाडी न चालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावावी, हा सूचनेचा भाग लेखी दिला गेला. ज्यांना खर्चाची चिंता आहे त्यांच्यासाठी एवढे सांगतो की महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ॲन्जिओप्लास्टीचा समावेश आहे.

व्यायामात मान-गळा दुखण्याची इतर कारणे

रुग्ण विशी-पंचविशीचा असता तर विचाराचा क्रम पूर्ण बदलला असता. तरुण खेळाडूंत सर्वाधिक जोराच्या क्षणी गळा बंद झाल्यासारखे वाटणे आणि श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येणे, हे बहुधा श्रमात स्वरयंत्राचा मार्ग अरुंद होण्याचे लक्षण असते. ते दम्यासारखे भासते, पण दम्यात आवाज श्वास सोडताना येतो आणि खोकला-धाप व्यायाम संपल्यानंतरच्या काही मिनिटांत वाढते. जोर लावताना अचानक मान-छातीत दुखून गळ्याच्या त्वचेखाली दाबल्यावर कुरकुर जाणवली, तर फुप्फुसातून हवा निसटून छातीच्या मध्यभागी साठलेली असू शकते. आणि वजन उचलताना किंवा मानेला झटका बसल्यावर एका बाजूची मान अचानक, तीव्र दुखू लागली, सोबत डोकेदुखी असली, त्याच बाजूची पापणी खाली आली किंवा बोलणे अडखळले, तर मानेतील रोहिणीचा आतला थर फाटल्याची शक्यता असते. तिथे एक तासही दवडू नये.

पुढील वाटचाल

स्टेंटनंतर रुग्णाने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच चालण्याचा कार्यक्रम सुरू केला. सपाट रस्ता, आधी दहा मिनिटे अगदी सावकाश, जेवणानंतर दीड-दोन तास चढ नाही, थंडीच्या पहाटे गळ्याभोवती मफलर आणि सूर्य वर आल्यावरच बाहेर. तिसऱ्या महिन्यात पर्वती पूर्ण चढून झाली, न थांबता, आणि गळा मोकळा राहिला. एलडीएल प्रथम ६८ पर्यंत उतरले. ५५ च्या खाली नेण्यासाठी एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारे दुसरे औषध जोडले गेले. त्यांच्या धाकट्या भावाची, वय ४९, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी करून घेण्यात आली आणि त्यालाही स्टॅटिन सुरू करावे लागले.

सहाव्या महिन्यात ते पुन्हा मान दुखते म्हणून आले. चेहऱ्यावर भीती होती. विचारल्यावर कळले की गाडी मागे घेताना मान उजवीकडे वळवली की कळ येते, सकाळी उठल्यावर जास्त असते, दिवसभर कमी-अधिक टिकते आणि पर्वती चढताना मात्र काहीही होत नाही. यावेळी जागा त्यांनी एका बोटाने दाखवली. ईसीजी काढला, तो सामान्य होता. परंतु निर्णय त्यावर अवलंबून नव्हता. झिजलेल्या मणक्याचे ते जुने क्ष-किरण चित्र या वेळी उपयोगी पडले, उशी बदलली गेली, आणि मानेचे व्यायाम त्याच फिजिओथेरपी केंद्रात, अर्धवट राहिले होते तिथून पुढे सुरू झाले.